वीटभट्टीवरच्या बाळाचं नाव कुणाच्या वहीत?

माननीय मंत्री महोदया,
महिला व बालविकास विभाग, महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

दसरा-दिवाळी झाली की पालघरमधल्या आमच्या कातकरी वाड्या रिकाम्या होतात. पावसाळ्यात धान्य संपलेलं असताना भट्टीच्या शेठकडून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेली असते. ती फेडायला अख्खं बिऱ्हाड भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातं आणि आगोटीला, पावसाच्या तोंडावरच परततं. गावच्या अंगणवाडीत पोरांच्या नावापुढे ‘स्थलांतरित’ असा शेरा पडतो. भट्टीजवळच्या अंगणवाडीत तर त्यांचं नावच नसतं.

गेल्या हिवाळ्यात एका भट्टीवर दीड वर्षाची मुलगी पाहिली. आई चिखल तुडवत होती. सहा वर्षांचा भाऊ ओल्या विटा पालथ्या करत होता आणि बहिणीच्या झोळीची दोरी त्याने पायाच्या अंगठ्याला बांधली होती. ती रडली की पाय हलवायचा. गावी असताना ती ७ किलो ४०० ग्रॅम होती. माझ्या ताणकाट्यावर ६ किलो ९०० भरली. सरकारच्या अमृत आहार योजनेतलं अंडं-केळं आदिवासी क्षेत्रातल्या अंगणवाड्यांपुरतं आहे, ती हद्द ओलांडली की बंद. ज्या सहा-सात महिन्यांत बाळ सर्वांत जास्त खंगतं, नेमके तेच महिने आपल्या योजनेतून सुटतात.

स्थलांतराच्या नोंदीसाठी विभागाने ॲप केलं, हे चांगलं झालं. पण भट्टीवर कुणी पोचलंच नाही तर नोंद कोण करणार? भट्ट्या शोधत हिंडायचीही गरज नाही. विटांच्या मातीची रॉयल्टी तहसील कार्यालयात भरली जाते, म्हणजे यादी सरकारपाशीच आहे. ती यादी घेऊन प्रत्येक भट्टी जवळच्या अंगणवाडीला नावानिशी जोडून द्या. आणि तिथे आलेल्या मुलाला आधार कार्ड न मागता आहार द्या.

दुसरं सांगताना हात जड होतो. २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या उभाडे गावची कातकरी मुलं काही हजार रुपये नि एखाद्या मेंढीच्या बदल्यात मेंढपाळांकडे राबायला ठेवलेली आढळली. त्यातली दहा वर्षांची एक मुलगी दगावली, तेव्हा हे बाहेर आलं. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ चा आहे! अशी मुलं सुटली की लगेच बालगृहाची वाट दाखवली जाते, आणि आईबाप पोरं विकणारे ठरतात. ते उपाशी होते, महोदया. बाल न्याय कायदा, २०१५ संस्थेला शेवटचा पर्याय मानतो. मूल घरातच वाढावं म्हणून असलेल्या आपल्याच विभागाच्या बालसंगोपन योजनेत महिन्याला २,२५० रुपये मिळतात, पण वाडीवरच्या आईकडे ना उत्पन्नाचा दाखला, ना चालू बँक खातं. बालकल्याण समितीने महिन्यातून एक दिवस वाडीवर बसावं, दाखले तिथेच व्हावेत.

खावटी अनुदान, म्हणजे आदिवासी कुटुंबांना पोटापाण्यासाठी मिळणारी मदत, आदिवासी विकास विभागाचं आहे, हे मी जाणते. तरी त्या मंत्र्यांशी आपण बोलावं. २०२० मध्ये कुटुंबाला ४,००० रुपयांची मदत जाहीर झाली होती, निम्मी रोख, निम्मी धान्य-किराण्याच्या रूपात. तशी मदत दरवर्षी भाद्रपदाच्या आधी हातात पडली, तर शेठची उचल घ्यायची वेळ कितीतरी घरांवर येणार नाही.

अंगणवाड्यांना भट्ट्या जोडून देण्याचा आदेश यंदा दसऱ्यापूर्वी निघावा, एवढी कळकळीची विनंती.

आपली,
पालघर जिल्ह्यातली एक कार्यकर्ती