जोत्याखालचे आणि जोत्यावरचे काम

सांगली,
चैत्र

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मागच्या रविवारी फोनवर तू विचारलेस की, दिवाळीनंतर सुरू झालेले घर अजून एका मजल्याच्याच उंचीचे कसे दिसते. तुझे बाबा पाठवतात त्या छायाचित्रांवरून तुला तसे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु झालेल्या कामाचा मोठा भाग त्या छायाचित्रांत येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

गावभागातले घर सोडण्याचा निर्णय आम्ही किती जड मनाने घेतला, हे तू जाणतेस. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी धोक्याच्या ४५ फुटांच्या पातळीवरून ५७ फुटांच्या वर चढले, तेव्हा २००५ च्या पुराची भिंतीवरची खूणसुद्धा पाण्याखाली गेली. आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा सामान माळ्यावर चढवताना तुझ्या बाबांचे हात थरथरत होते. त्यानंतर मी त्या घराच्या डागडुजीचा विषय काढला नाही. विश्रामबागेकडच्या प्लॉटवर नदीचे भय नाही, पण तिथली जमीन काळी आहे, आणि काळ्या जमिनीवर घर बांधायचे तर आधी तिचा स्वभाव ओळखावा लागतो. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. पाया तिच्यावरच टेकवला, तर दरवर्षी घर थोडे उचलले जाते, थोडे खचते, आणि मग दारांच्या चौकटींच्या कोपऱ्यांतून तिरक्या चिरा निघतात. म्हणून काळा थर संपून घट्ट मुरूम लागेपर्यंत कॉलमचे खड्डे खोल नेले. जोत्याच्या, म्हणजे जमिनीपासून फरशीपर्यंतच्या चौथऱ्याच्या, आतही काळी माती भरू दिली नाही. मुरूम आणवून तो थराथराने पसरला, प्रत्येक थरावर पाणी मारले आणि धुमसाने, म्हणजे जड ठोकण्याने, ठोकून घेतला. या कामावर पैसा आणि वेळ दोन्ही भरपूर गेले, आणि आज त्यातले काहीही डोळ्यांना दिसत नाही. तरीही संपूर्ण घरात मला सर्वांत जास्त समाधान याच कामाचे आहे.

पाडव्याच्या आधी स्लॅब ओतून झाला. आदल्या संध्याकाळी इंजिनिअरसाहेबांनी सळई तळापासून उचलून धरणारे कव्हर ब्लॉक, सळयांभोवतीच्या रिंगांमधले अंतर आणि पंख्यांच्या पेट्या स्वतः तपासल्या. दुसऱ्या दिवशी उन्हामुळे माल लवकर घट्ट होऊ लागला, तेव्हा एका बिगाऱ्याने मिक्सरमध्ये जादा पाणी ओतायला घेतले. मी त्याला थांबवले. पातळ माल सहज पसरतो हे खरे. पण जादा पाणी उडून गेले की काँक्रीटमध्ये पोकळ्या राहतात आणि त्याची ताकद कायमची घटते. त्या मुलाला हे कोणी समजावून सांगितलेले नव्हते. सांगितल्यावर त्याने मनापासून ऐकले आणि पुढे दिवसभर, यंत्राने माल हलवून दाबून बसवणाऱ्या व्हायब्रेटरवाल्याच्या शेजारी उभा राहून कोपऱ्यांकडे लक्ष दिले.

त्यानंतरचे काम म्हणजे केवळ पाणी धरणे. स्लॅबवर वाफे बांधून त्यांत पाणी साठवले आहे आणि कॉलमना गोणपाट गुंडाळले आहे. सिमेंट वाळून घट्ट होते असा पुष्कळांचा समज असतो; वस्तुतः पाण्याशी होणाऱ्या रासायनिक क्रियेने ते घट्ट होते, आणि पहिल्या दिवसांत ओल तुटली तर ती क्रिया अर्धवट राहते. सांगलीच्या या उन्हात वाफे दुपारपर्यंत आटतात, म्हणून मी सकाळी आणि चारच्या सुमारास जाऊन पाहते.

ठेकेदारांना टेकू दुसऱ्या कामावर न्यायचे होते, म्हणून त्यांनी आठवड्यातच सेंट्रिंग, म्हणजे स्लॅबखालचा फळ्या-टेकूंचा आधार, खोलण्याचा आग्रह धरला. लहान खोल्यांपुरते ते चालले असते. परंतु आपल्या दिवाणखान्याचा गाळा, म्हणजे स्लॅबच्या दोन आधारांमधले अंतर, साडेचार मीटरपेक्षा मोठा आहे, आणि एवढ्या गाळ्याखालचे टेकू साध्या सिमेंटच्या कामात किमान १४ दिवस काढू नयेत, असे भारतीय मानक सांगते. इंजिनिअरसाहेबांनीही तेच बजावले. थोडी नाराजी झाली, भाड्याचे पैसे वाढले, पण टेकू जागेवर आहेत. या बाबतीत कोणाच्या घाईला मान द्यावा असे मला वाटत नाही, तुझ्याही नाही.

आता तुझ्याकडून दोन गोष्टींचा निर्णय हवा आहे. तुझ्या खोलीची खिडकी नकाशात पश्चिमेला आहे. संध्याकाळचा उजेड तुला आवडतो हे मला ठाऊक आहे, पण एप्रिल-मेमध्ये ती भिंत रात्रीपर्यंत तापलेली राहील. उत्तरेला खिडकी घेतली तर खोली गार राहील. पश्चिमेलाच हवी असेल, तर वर रुंद छज्जा काढावा लागेल. माझे मत उत्तरेचे आहे, परंतु राहायचे तुला आहे. दुसरे म्हणजे तुझ्या टेबलाची जागा आणि तिथले विजेचे पॉइंट. गिलाव्यानंतर ते सुचले, तर झालेली भिंत फोडावी लागते.

सेंट्रिंग उतरले की गवंडी लगेच विटांच्या कामाला लागतील आणि तुझ्या खोलीची भिंत सुरुवातीलाच उभी राहील. तेव्हा खिडकीचे येत्या शनिवारपर्यंत नक्की कळव. टेबलाचे गिलाव्यापर्यंत कळवलेस तरी चालेल.

तुझी,
आई