दोन दिवसांत बघून होतं, म्हणूनच राहायला बरं

संपादक साहेबांना नमस्कार,

मागच्या महिन्यात माझा मेव्हणा पुण्याहून दोन दिवसांसाठी बेळगावला आला होता. त्याला किल्ला दाखवला, आतली 1204 सालची कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, दाखवली, छतातलं ते दगडी कमळ बघून मान दुखेपर्यंत वर बघत बसला, मग मिलिटरी महादेवाचं देऊळ, टिळकवाडीतली काँग्रेस विहीर, तिथं 1924 चं अधिवेशन गांधीजींच्या अध्यक्षतेखाली झालं हेही सांगितलं, दुसऱ्या दिवशी येळ्ळूरचा राजहंसगड, आणि रविवारी दुपारी ताटावरनं उठता उठता म्हणतो कसा, "दाजी, तुमचं बेळगाव संपलं की हो." मला तेव्हा काय उत्तर सुचलं नाही, आणि बायकोचा भाऊ असल्यामुळं सुचलं असतं तरी दिलं नसतं. म्हणून तुम्हाला लिहितोय, छापलात तर त्याला फोटो काढून पाठवीन.

गाव बघायला दोन दिवसांत संपतं हेच तर राहायला सोयीचं आहे. मी शहापुरात राहतो. सकाळी साडेपाचला उठून, कपिलेश्वरच्या पुलावरनं स्कूटर घालून किल्ला तळ्यावर जातो, दोन फेऱ्या मारतो, येताना भाजी घेतो आणि नातवाची स्कूलबस यायच्या आत घरात. पुण्यात मेव्हण्याला फिरायला जायचं तर आधी गाडी पार्क कुठं करायची याचा विचार करावा लागतो, हे त्याचंच म्हणणं.

तळं म्हणजे काय फार मोठं नाही. पण एका बाजूला किल्ला, दुसऱ्या बाजूला जुन्या पी. बी. रोडची, म्हणजे पुणे-बेंगळूर रस्त्याची, वर्दळ, आणि मधे ते पाणी गप पडलेलं. 2018 ला तिथं 110 मीटरचा झेंड्याचा खांब उभा केला, पाहुणे त्याच्याखाली सेल्फी काढतात, आम्हा रोजच्या लोकांना त्याचा उपयोग वारा किती आहे ते बघायला. जुलैत तर वाऱ्यामुळं झेंडा उतरवलेलाच असतो बऱ्याचदा. तेव्हा तळं बघावं, पाऊस असा बारीक येतो की पाण्यावर थेंब पडलेला दिसत नाही, नुसता काटा आल्यासारखं होतं, आणि पलीकडचा काठ धुक्यात गेलेला. उलटी झालेली छत्री सरळ करत आम्ही चार म्हातारे तरी चालतोच. समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांवर आहे हो गाव, जुनी माणसं गरिबांचं महाबळेश्वर म्हणायची ते उगाच नाही.

माझ्याबरोबर फिरणारे एक गृहस्थ आहेत, ते कन्नड, मी मराठी. ते रोज विचारणार, "नाष्टा आतेन्री?" म्हणजे नाष्टा झाला का, आणि मी रोज मराठीत सांगणार काय खाल्लं ते, मग ते त्यांच्या मराठीत सुनेची तक्रार करणार आणि मी माझ्या मोडक्या कन्नडात त्यांची समजूत घालणार. सीमेचा विषय निघाला की दोघांची तोंडं दोन दिशेला. 1956 ला बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेलं ते मला पाठ, त्यांनाही पाठ, महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे तो लागेल तेव्हा लागेल. सरकारनं 2014 ला नाव बेळगावी केलं, माझ्या तोंडातलं बेळगाव काय जात नाही, त्यावरही ते हसतात. पण मागच्या पावसाळ्यात मी तिथल्याच वाटेवर शेवाळावरनं घसरून पडलो तेव्हा मला रिक्षात घालून डॉक्टरकडं नेणारे तेच होते.

मेव्हण्याला आमच्या बोलण्याचं पण हसू येतं. "काय करूलालास?" म्हणजे काय करतोयस, असं मी नातवाला विचारलं की तो तीनदा म्हणून दाखवतो. दाखवू दे.

आणि खायचं? कुंदा, आमच्याकडची दुधाची मिठाई, तो डबा भरून घेऊन गेला, पण कुंदा पाहुण्यांसाठी. आमचं खाणं पावसावर चालतं. पहिला पाऊस झाला की थोड्या दिवसांनी खेड्यातल्या बायका पानावर अळंबी मांडून रस्त्याकडेला बसतात, माती लागलेली, वाटा छोटा आणि भाव असा की दोनदा विचारावा लागतो. सकाळी लवकर गेलात तर मिळणार, नऊनंतर रिकामी पानं. मी तळ्यावरनं परत येताना ती घेऊन आलो की त्या दिवशी बायको माझ्या गुडघेदुखीचंसुद्धा ऐकून घेते. त्याआधी मे महिन्यात खानापूर, जांबोटीकडची करवंदं, जांभळं. कडोलीची भाजी, येळ्ळूरचा बासमती. मेव्हणा आला तेव्हा यातलं काहीच नव्हतं, हे मात्र त्याचं नशीब.

गणपतीत यायला सांगितलंय त्याला. कपिलेश्वर तलावावर विसर्जन दुसऱ्या दिवशी ऊन वर आलं तरी चालूच असतं, तेव्हा बघू किती दिवसांत संपतंय.

आता एक काम, त्यासाठीच खरं तर पत्र. किल्ला तळ्याच्या वाटेवरचं शेवाळ पावसाच्या आधी खरवडून काढावं आणि पहाटेचे दिवे सहापर्यंत तरी चालू ठेवावेत. मी संबंधितांना दोनदा लेखी दिलं, पोच मिळाली, दिवे मिळाले नाहीत. नवीन कारंजं, रंगीत लाइट, आणखी सिमेंट यातलं आम्ही काहीच मागत नाही, उलट ते नकोच. माणूस न घसरता दोन फेऱ्या मारू शकला की झालं. शेवाळ काढायला खराटा आणि चुना पुरतो, तेवढं यंदा मे महिन्यातच करा, जूनमध्ये सांगून उपयोग नाही, तेव्हा सगळे छत्र्या शोधत असतात.

आपला,
रोज तळ्यावर फिरणारा एक वाचक,
शहापूर, बेळगाव