पिन जुळली, पण व्होल्टेजचे काय?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दिवाळीला अमेरिकेहून आलेल्या लेकीने तिकडे घेतलेला राइस कुकर माझ्यासाठी आणला. त्याच्या दोन चपट्या पिना आपल्या सॉकेटमध्ये बसेनात, म्हणून दादरच्या एका दुकानातून 'जगभर चालणारा' अडॅप्टर आणला. प्लग चपखल बसला; मात्र बटण दाबल्यावर तांदळाला वाफ लागण्यापूर्वीच बुडाशी करपट वास सुटला आणि कुकर कायमचा बंद पडला.

दोष कुकरचा नव्हता. अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्टची असते, आपल्याकडे २३० व्होल्टची. आणि तापणारी कॉइल व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वीज खेचत असल्याने इथे तिच्यात साडेतीन पटींहून अधिक उष्णता निर्माण होते. अडॅप्टर केवळ पिनांचा आकार जुळवतो. व्होल्टेज उतरवायला ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि कुकरसारख्या उपकरणाला पुरेल असा ट्रान्सफॉर्मर चांगलाच जड असतो.

मुलांकडे जाताना इथला मिक्सर बॅगेत भरणाऱ्यांची गत याच्या उलट होते. तिथे तो जळत नाही, पण कुंथत फिरतो आणि ओले खोबरे काही वाटले जात नाही. लंडन, दुबई किंवा सिंगापूरला व्होल्टेज साधारण आपल्याइतकेच असल्याने तिथल्या तीन चौकोनी पिनांचा अडॅप्टर पुरतो. जपानमध्ये मात्र १०० व्होल्ट, त्यातही विजेची वारंवारता (सेकंदाला होणारी आवर्तने) टोकियोत ५० आणि ओसाकात ६० हर्ट्‌झ! मोबाइल-लॅपटॉपच्या बहुतेक चार्जरवर बारीक अक्षरांत 'इनपुट १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्‌झ' असे लिहिलेले असते. तसे असेल तर काळजी नाही. इस्त्री, हेअर ड्रायर, किटली यांच्यावर मात्र बहुधा एकच आकडा असतो, आणि तोच पाहायचा राहतो. शिवाय अनेक स्वस्त अडॅप्टरांत अर्थिंगची जोडणीच नसते, हे धातूची इस्त्री वापरणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

जळका कुकर घेऊन मी त्या दुकानात गेलो, तेव्हा दुकानदाराने खोक्याचा तळ दाखवला. 'व्होल्टेज बदलत नाही' ही सूचना तिथे इंग्रजीत, तिळाएवढ्या अक्षरांत छापलेली होती. ती मराठीतही, आणि 'जगभर चालणारा' या शब्दांच्या शेजारी त्याच आकारात छापण्याची सक्ती संबंधित खात्याने करावी, एवढीच विनंती.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक, मुलुंड (पूर्व), मुंबई