पुणे ते बंगळुरू: नावं ठाऊक नसलेल्यांचे आभार

पुण्याहून बंगळुरूला, म्हणजे सुमारे ८४० किलोमीटर, बिऱ्हाड हलवताना खर्चाचा अंदाज कुठे चुकतो हे ज्यांनी ज्यांनी दाखवलं, त्यांचे मनापासून आभार.

आधी हमालदादांचे. खोल्या नाही, नग मोजा, माळ्यावरचे आणि बाल्कनीतलेसुद्धा. दोन्हीकडचे मजले, लिफ्ट, ट्रक दारापर्यंत येतो का, हे कोटेशनवरच लिहून घ्या, हे त्यांचं सांगणं. नाहीतर सामान उतरवताना जादा पैशांची घासाघीस ठरलेली. फ्रिज आदल्या दिवशी बंद करून बर्फ वितळवायचा आणि उभाच न्यायचा. फ्रंट लोड वॉशिंग मशीनला मागून ट्रान्झिट बोल्ट, म्हणजे प्रवासात ड्रम घट्ट धरून ठेवणारे बोल्ट, लावायचे, नाहीतर हादऱ्यांनी ड्रमचं सस्पेन्शन जातं. (ते बोल्ट बहुतेकांनी कधीच भंगारात दिलेले असतात!)

गॅस एजन्सीतल्या ताईंचे आभार: सिलिंडर ट्रकमध्ये नको, रेग्युलेटरसकट जमा करून डिपॉझिट परत घ्या, टर्मिनेशन व्हाउचर, म्हणजे कनेक्शन बंद केल्याची पावती, जपा. रेल्वे पार्सलवाल्या काकांचे, दुचाकीची टाकी पूर्ण रिकामी करवून घेतल्याबद्दल. आणि आरटीओच्या खिडकीवरच्या बाईंचे: गाडी तिकडे १२ महिन्यांहून जास्त राहणार असेल तर फॉर्म २८ भरून एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, इथूनच न्या. कर्नाटकातली नवी नोंदणी आणि रोड टॅक्स, बजेटमधून हमखास सुटणारी ओळ हीच.