घरचा नारळ वीस रुपयाला पडतो

ती. बाबा आणि आई,
सा. न.

रविवारी फोन कट झाला तो नेटवर्कमुळे नाही, मीच ठेवला. अजून दोन मिनिटं बोललो असतो तर तोंडून काहीतरी वाकडं गेलं असतं आणि मग आई रात्रभर झोपली नसती. म्हणून आता मुलगी झोपल्यावर शांतपणे टाईप करत बसलोय, लांबणार आहे. बाबा, व्हॉट्सअपवर लांब मेसेज दिसला की तुम्ही अंगठा पाठवून मोकळे होता हे मला माहितीये, म्हणून दादाला सांगतो प्रिंट काढून द्यायला, चष्मा लावून वाचा.

विषय काय, तर या महिन्यात मी गावाहून तुम्हाला डोंबिवलीला चारऐवजी अडीच हजार पाठवले. तुम्हाला दीड हजाराचं काही नाही हे मला कळतं. पण "गावात राहून तुला खर्च कसला, नारळ दारात, तांदूळ शेतात, मासे समुद्रात, आणि पेपरात तर आलंय महागाई पाव टक्क्यावर आली" हे जे बोललात ना, ते लागलं. स्पीकर चालू होता, तुमच्या सुनेने पण ऐकलं. ती काही बोलली नाही, भांडी जरा जोरात घासली एवढंच.

आधी नारळाचंच घ्या. मागे अकरा माड. माडावर चढणारा गेल्या मंगळवारी आला, तोही तीन आठवडे फोन करून करून. आजूबाजूच्या तीन वाड्यांत मिळून आता चढणारे दोघंच उरलेत, त्यातला एक खांदा धरून घरी बसलाय. एका माडाचे 100, अकरा माडांचे अकराशे, वर चहा, आणि दोन नारळ त्याचे त्याला. पडले किती तर 64. पूर्वी दीडशेच्या खाली कधी आकडा आला होता का आई? त्या 64 मधले सात खारींनी पोखरलेले, लांबून चांगले दिसतात पण हातात घेतला की कळतं, हलका लागतो, कानाजवळ हलवला तर आवाजच नाही. दोन त्याला दिले. उरले 55. अकराशे भागिले पंचावन्न, वीस. म्हणजे घरचा नारळ वीस रुपयाला पडतो, आणि यात पंपाचं लाईट बिल नाही, शेणखत नाही, सोलायची मेहनत नाही, फटाके नाहीत. फटाके माकडांसाठी. कोवळी शहाळी तोडतात, धड खात पण नाहीत, दोन घोट पितात आणि फेकतात, सकाळी अंगणात दहा-पंधरा पडलेली असतात, आई, तू बघितलंस तर रडशील.

या वर्षी नारळाला भाव आहे हे खरं, खोबरं सगळीकडेच चढलं. सरकारने 2025 च्या हंगामाला तेलाच्या खोबऱ्याचा हमीभाव क्विंटलला 11,582 ठेवला होता आणि बाजार त्याच्या कितीतरी वर गेला. म्हटलं चला आपण पण विकू. तीस विकले 35 ने, एक हजार पन्नास आले. चढणाऱ्याचे अकराशे पण सुटले नाहीत! आणि दिवाळीत, तेव्हा हा चढणारा मिळत नव्हता, करंज्यांच्या सारणाला नारळ कमी पडले म्हणून दुकानातून दोन आणले 45 ला एक, तर पिशवी बघून समोरच्या काकी म्हणतात कशा, "माड दारात आसत आणि नारळ इकत घेतंस?" संध्याकाळपर्यंत अख्ख्या वाडीत झालं. आमटीच्या वाटपाला अर्धा नारळ लागायचा तिथे आता पाव घेतो आम्ही. मुलगी विचारते आमटी पांढरी का नाही.

तेलाचं वेगळंच. आपली ती कडीची स्टीलची किटली आठवते का, आजीची, अजून तीच आहे. एक पिशवी ओतली की तेल बरोबर कडीच्या रिबिटापर्यंत येतं, हे तुमच्या सुनेचं माप. मागच्या आठवड्यात ओतलं तर दोन बोटं खाली. तिला वाटलं पिशवी गळकी आहे, ओट्यावर बोट फिरवून बघितलं, कोरडा. मग पिशवी उलटी करून उजेडात धरली तर बारीक अक्षरात 750 ग्रॅम. लिटरभर तेल म्हणजे 910 ग्रॅमच्या आसपास. आणि ही पिशवी मीच आणलेली, आधीच्या पिशवीपेक्षा सहा रुपयांनी स्वस्त दिसली म्हणून खुशीत उचलली होती, शाबासकी घ्यायच्या तयारीत होतो. ठरावीक वजनाचीच पिशवी हवी असं बंधन आता राहिलेलं नाही म्हणे, फक्त ग्रॅमला किती पडतं ते छापायचं, ते कोण वाचतंय. आई, तू पण बघ पुढच्या वेळी, रंग आणि चित्र तेच असतं, वजन बघ. आपल्या देशात जेवढं तेल लागतं त्यातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं, त्यावरची ड्युटी सप्टेंबर 2024 मध्ये कच्च्या खाद्यतेलाला साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीस केली, मग 2025 च्या मे अखेर साडेसोळावर आणली. चढताना दुसऱ्या दिवशी चढलं, उतरताना दुकानदार म्हणतो जुना माल आहे.

आता तुमचा पाव टक्का. मी बसून वाचलं ते, कारण मलाच कळेना. बाबा बातमी खोटी नाहीये. ऑक्टोबर 2025 चा किरकोळ महागाईचा दर 0.25 टक्के, आणि ऐका, नुसत्या ग्रामीण भागाचा तर उणे 0.25. म्हणजे आमचं चक्क स्वस्त झालंय आणि आम्हालाच कळलं नाही. पण हा दर म्हणजे मागच्या वर्षी याच महिन्यात जे होतं त्याच्याशी तुलना. मागच्या वर्षी ऑक्टोबरात भाजी 42 टक्क्यांनी चढली होती, या ऑक्टोबरात साडेसत्तावीस टक्क्यांनी उतरली. आता तुम्हीच गणित करा, मिलमध्ये हिशेबाला तुम्ही पक्के होता. शंभराची भाजी 142 झाली आणि तिथून उतरून 103 वर आली. म्हणजे दोन वर्षांपूर्वी होती तिथेच येऊन थांबली, वर तीन रुपये. आणि एवढी भाजी उतरली म्हणून सगळा आकडा खाली आला, त्यातच तेल-तुपाचा गट 11 टक्क्यांच्या वर चढलेला होता, तो त्या पाव टक्क्यात दिसत नाही, आमच्या किटलीत दिसतो.

भाजी तरी परसातली किती हो? पावसात पडवळ, दोडकी, तवशी, भेंडी, आता माठ आणि अळू. कांदा बटाटा टोमॅटो सगळं घाटावरून येतं आणि घाटाचं भाडं चढवूनच उतरतं. 2024 मध्ये करूळ घाट कामासाठी बंद होता तेव्हा गाड्या फोंडा नाहीतर भुईबावड्याने फिरून यायच्या, तेव्हा इथे दोन रुपये जास्त मोजावे लागले. रस्ता चालू झाल्यावर ते दोन रुपये कुठे गेले काय माहीत, परत तर आले नाहीत.

मासे समुद्रात, ते मात्र बरोबर. समुद्रातच आहेत. लहानपणी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला हात लावला की ओंजळभर पेडवे घरी यायचे, तुम्ही मला खांद्यावर घेऊन जायचात. आता रापण लागते कधीतरी, लागली तरी किनाऱ्यावर हॉटेलवाले आधी उभे. सीझनला पर्यटकांच्या गाड्या आल्या की सुरमईकडे आम्ही बघत पण नाही, ती तारकर्लीच्या थाळीत जाते. बांगडा मिळतो, तोही शनिवार-रविवार सोडून घ्यायचा. जून-जुलै मासेमारी बंद असते तेव्हा सुका बाजार, आणि सुका जवळा, सोडे यांचे भाव मी लिहीत नाही, आई तू उगाच हळहळशील.

एक गोष्ट फुकट आहे, तेवढी प्रामाणिकपणे सांगतो. आंघोळीचं पाणी. झावळं आणि नारळाची सोडणं आहेत म्हणून अजून चुलीवर तापवतो आणि त्यामुळे सिलेंडर जरा जास्त दिवस जातो, नाहीतर एप्रिल 2025 मध्ये 50 रुपये वाढले तेव्हाच कंबर मोडली असती.

तांदळाचं काय सांगू. भात या वर्षी चांगलं आलं होतं. ऑक्टोबरच्या शेवटी पाऊस थांबेचना, कापायला आलेलं आडवं झालं, काही कापून ठेवलेलं भिजलं, लोंब्यांना कोंब आले. गड्याची मजुरी 500, बायांची 350, दोन वेळा चहा, दुपारचं जेवण, आणि माणसं मिळतात कुठे, म्हणून मी चार दिवस वायरिंगची कामं सोडून स्वतः चिखलात उतरलो. चार दिवस कामावर गेलो नाही म्हणजे तेवढी कमाई गेली, हे तुम्ही कधी भाताच्या हिशेबात धरलंय का? या महिन्याचे दीड हजार तिथे गेले बाबा. फोनवर सांगता आलं नाही.

मला माहितीये तुमचं हे "गावात काय लागतं" कुठून आलंय. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि तुम्ही आईला, दादाला आणि मला, मी तर पाळण्यात, गावी पाठवून दिलंत. तुम्ही तिकडे खोलीत एकटे, हाताला मिळेल ते काम करत, आणि इकडे आम्ही पेज आणि खोबऱ्याच्या चटणीवर वाढलो, तुमच्याकडे एक पैसा न मागता. तुमच्या डोक्यात ते घट्ट बसलंय की गाव पोसतं. पोसलंच. पण गणपतीच्या आधी माळा साफ करताना मला दुकानाची उधारीची वही मिळाली, वाळवीने कोपरे खाल्लेली. घासलेट, गूळ, चहापूड, मीठ, काडेपेटी, परत घासलेट. पानं भरून. आणि शेवटच्या पानावर वेगळ्या शाईत "म्हशीचे आले, जमा." म्हातारी झाली म्हणून म्हस विकली असं आजीने तुम्हाला कळवलं होतं ना? आईला विचारा म्हस किती वर्षांची होती. आई, तू आता तरी सांग.

वही मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवलीये, मे महिन्यात आलात की दाखवतो.

बाकी तिकडे पण स्वस्ताई नाहीये हे मला दिसतं, डोंबिवलीत दुधापासून रिक्षापर्यंत काय चाललंय ते दादा सांगत असतो. म्हणून तर पाठवतो आणि पाठवणारच, पुढच्या महिन्यात तारकर्लीच्या दोन होमस्टेचं वायरिंग आहे, पुढच्या वेळी पूर्ण चार येतील. फक्त दादासमोर "त्याचं काय, त्याला सगळं घरचं" असं म्हणू नका, तो मग कौलांच्या खर्चाचा विषय निघाला की मलाच ऐकवतो.

हो, आणि बाबा तुमचा मेडिक्लेम डिसेंबरात रिन्यू होतो ना, स्वतःच्या पॉलिसीवरचा 18 टक्के जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून शून्य झालाय. एजंटने जुन्या हिशेबाने आकडा सांगितला तर देऊ नका, आधी मला फोटो पाठवा. साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल पण अठरावरून पाचवर आलंय, एमआरपी बघून घ्या.

शनिवारच्या रात्रीच्या गाडीला पोतं टाकतोय. वीस नारळ, पाच किलो उकडे तांदूळ (जुने, या वर्षीचे नाहीत), कोकमं, थोडी कुळथाची पिठी. गाडीवाला पोत्याचे 200 घेतो, ते मी इथेच दिलेत, तिकडे परत मागितले तर देऊ नका. पहाटे स्टॉपवर बाबा तुम्ही एकटे जाऊ नका, दादाला उठवा, पोतं जड आहे आणि तुमची कंबर. आई, शेजारी वाटायचे असतील तर चारच वाट, चाळीस वर्षांची सवय आहे तुझी माहितीये मला. आणि मे महिन्यात लोणचं भरून नेलेल्या त्या तीन काचेच्या बरण्या रिकाम्या झाल्या असतील तर कोणी येणारं असेल त्याच्याबरोबर पाठव, तशी बरणी आता बाजारात 130 ला आहे, मी विचारून आलोय.

तुमचा,
धाकटा