शाळेला टीव्ही नको, तुमचा जुना मोबाइल द्या

गावातल्या आणि नोकरीधंद्यासाठी नागपूर, पुणे, मुंबईकडे गेलेल्या सगळ्यांना शाळा व्यवस्थापन समितीचा नमस्कार.

विषय आपल्या जिल्हा परिषद शाळेचाच आहे, पण मागणी थोडी वेगळी आहे, म्हणून हे आवाहन जरा लांबलं आहे. तुमच्या कपाटात किंवा टेबलाच्या खणात पडून असलेला, पण कॅमेरा चालू असलेला मोबाइल आम्हाला हवा आहे. असे सहा हवेत, मुलांना स्वतः छोटे सिनेमे करायला. शिवाय थोडं सामान, त्याला साधारण ३२ हजार रुपये लागतील. टीव्ही मात्र कृपा करून देऊ नका. दोघांनी तशी तयारी दाखवली, त्यांचे आभार. पण मागे लोकवर्गणीतून घेतलेला टीव्ही अजून ठणठणीत आहे.

त्या टीव्हीचं काय झालं, हे विचारायचा हक्क वर्गणी देणाऱ्यांना आहे. तो रोज वापरात आहे. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की दीक्षा ॲपवरचे व्हिडिओ उघडतात, ते सर आणि मॅडम मुलांना दाखवतात. समुद्र किंवा ज्वालामुखी आमच्या पोरांना दुसरीकडे कुठे दिसणार? तेवढा उपयोग नक्की होतो. पण पडद्यासमोर मूल गप्प बसतं, आणि गप्प बसलेल्या मुलाला किती कळलं ते कुणालाच कळत नाही. टीव्हीवरून शिकवणं काही नवीनही नाही. १९७५-७६ साली ‘साइट’ नावाच्या प्रयोगात सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत उपग्रहावरून कार्यक्रम दाखवले गेले, त्यात शाळेच्या मुलांसाठीचेही होते. म्हणजे खेड्यातलं पोरगं पन्नास वर्षं बघतच आलं आहे. आमच्या तिसरी-चौथीच्या वर्गात गेल्या वर्षीपासून पोरं स्वतः दाखवायला लागली आहेत, आणि त्यासाठीच हे मागणं आहे.

सुरुवात कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीपासून झाली. २०१७ च्या हंगामात तिने विदर्भात काय केलं ते कुणाला सांगायला नको. परिसर अभ्यासाच्या तासाला कीटकांची वाढ शिकवताना सरांनी पुस्तकातल्या फुलपाखराऐवजी ही अळी घेतली. पोरांनी नाल्याकाठची चिकणमाती आणली. खसखशीची अंडी, कुंकू कालवलेल्या मातीची अळी, कोष, आणि शेवटी कागदी पंखांचा पतंग. मातीची अळी इतकुशी सरकवायची, फोटो काढायचा, पुन्हा सरकवायची, पुन्हा फोटो. फोटो भराभर एकामागे एक लावले की अळी चालायला लागते आणि बोंडात शिरते. याला स्टॉप मोशन म्हणतात. मोबाइलवर ते करायला फुकटची ॲप मिळतात आणि इंटरनेटही लागत नाही.

खरी मजा हिशेबाची झाली. सेकंदाला १२ फोटो धरले, तर ४० सेकंदांच्या सिनेमाला किती फोटो? उत्तर ४८० आल्यावर पोरांचे चेहरे उतरले. मग सेकंदाला ८ वर तडजोड झाली, ३२० फोटो. त्यात कुणाचा तरी हात लागायचा आणि आरोळी उठायची, “सर, अळी सरकली ना जी! फोटो पुन्हा काढा लागते!” गुणाकाराचं गणित आपण एरवी फळ्यावर घालतो. इथे ते चुकलं तर सिनेमाच अर्धा राहतो, म्हणून पोरं स्वतःहून दोनदा तपासत होती.

तो सिनेमा टीव्हीवर लावला तेव्हा बघायला आलेल्या पालकांत वाद झाला. अर्धवट उमललेली, गुलाबाच्या कळीसारखी दिसणारी डोमकळी दिसली की ती तोडून अळीसकट नष्ट करायची, असं पोरांनी सिनेमात दाखवलं होतं. एक जण म्हणाले, एवढ्या वावरात डोमकळ्या कोण वेचत बसणार? दुसऱ्यांनी कामगंध सापळ्यांचा, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंगांना पकडणाऱ्या सापळ्यांचा विषय काढला. तिसरीतल्या पोरांच्या चाळीस सेकंदांवरून बापमाणसं अर्धा तास भांडली, याहून मोठी पावती आम्हाला तरी ठाऊक नाही.

दुसरा फायदा वाचनाचा. सिनेमाला आवाज द्यायचा म्हणजे आधी लिहायचं आणि मग वाचून रेकॉर्ड करायचं. एरवी धडा एकदा वाच म्हटलं तरी कुरकुरणारं पोरगं आपला आवाज ऐकून म्हणतं, हे बरोबर नाही आलं, पुन्हा घ्या. पुन्हा पुन्हा मोठ्याने वाचल्यानेच वाचन सफाईदार होतं, हे प्रत्येक शिक्षकाला माहीत असतं. अडचण एवढीच असते की पोराने पुन्हा वाचायला काहीतरी कारण लागतं. पोडावरून, म्हणजे कोलाम वस्तीवरून येणाऱ्या मुलांचं तर वेगळंच. ती घरी कोलामी बोलतात आणि वर्गात तोंड उघडत नाहीत. त्यांतल्या एका मुलीने आपल्या आजीकडून रानातल्या कंदांची माहिती कोलामीत रेकॉर्ड करून आणली, आणि तिचं मराठी करायला सगळा वर्ग तिच्याभोवती बसला. त्या दिवशी वर्गात गुरुजी तीच होती. आजीचा आवाज मात्र वाऱ्यात आणि फवारणी पंपाच्या घरघरीत निम्मा गेला. आमच्या यादीत कॉलर माइक आहे तो त्यासाठी.

आता मोबाइलच का, ते सांगतो. हे सगळं आजवर सरांच्या एका मोबाइलवर झालं. तोच मोबाइल पोषण आहाराची रोजची नोंद भरायला लागतो, तोच वरिष्ठांच्या निरोपांना लागतो. पोरांनी मूग रुजत घालून दर तासाला एक फोटो, असा प्रयोग मांडला होता. विटांच्या चवडीवर मोबाइल नीट टेकवलेला. दुपारी फोन वाजला, सरांना उचलावा लागला, आणि मोबाइल पुन्हा त्याच जागी काही बसला नाही. रोप एकदम उडी मारून बाजूला गेल्यासारखं दिसतं. दादासाहेब फाळक्यांनी पहिला मोठा चित्रपट काढायच्या आधी हेच केलं होतं. कुंडीत वाटाणा लावून, थोडं थोडं चित्रण करत त्यांनी अंकुराची वाढ पडद्यावर दाखवली, आणि ती पाहून त्यांना भांडवल मिळालं. आमचा मूग उडी मारतो, त्यामुळे तो दाखवून पैसे मागायची सोय नाही.

यंदा पोरांना पराटी, म्हणजे कपाशी, टिपायची आहे. पराटीचं फूल पहिल्या दिवशी पांढरट-पिवळसर असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. आपण जन्मभर पराटीत काढलेली माणसं, आपल्याला ते ठाऊक आहे. पण वर्गात दोन तट पडलेत. काहींचं म्हणणं, ही दोन वेगळी फुलं. भांडण मिटवायला एका फुलाला दोरा बांधून त्याच्यासमोर मोबाइल ठेवायचा, आणि तिथून पुढे बोंड फुटेपर्यंत रोज एक फोटो, असं ठरलं आहे. दीड-दोन महिने मोबाइल जागचा हलता कामा नये. म्हणून तो कुणाच्याही रोजच्या वापरातला नको.

“पोरं घरी मोबाइलमध्ये डोकं घालून असतात, आता शाळेतही?” असं काही आयांनी सभेत विचारलं. प्रश्न रास्त आहे. या मोबाइलमध्ये सिम नसेल, इंटरनेट नसेल, गेम नसतील. एका मोबाइलमागे चार-पाच पोरं असतील. एक फोटो काढणार, एक वस्तू हलवणार, एक मोजणार, एक लिहिणार. काम झालं की मोबाइल मुख्याध्यापकांच्या कपाटात. पोरांचे चेहरे दिसणारे व्हिडिओ पालकांच्या लेखी संमतीशिवाय कुठल्याही ग्रुपवर किंवा यूट्यूबवर जाणार नाहीत, मग देणगीदारांनी मागितले तरी. बघायचे असतील त्यांनी शाळेत यावं.

सामानाचं म्हणाल तर सर्वांत जास्त खर्च इन्व्हर्टर आणि बॅटरीचा आहे, साधारण १९ हजार. पावसाळ्यात वारा सुटला की लाइन जाते आणि कधी येईल त्याचा नेम नसतो. उरलेल्यात पाच ट्रायपॉड, तीन कॉलर माइक, दोन एलईडी दिवे, मेमरी कार्ड आणि सगळं साठवायला एक हार्ड डिस्क. समिती सदस्यांनी आपसात ७ हजार जमवले आहेत, म्हणजे २५ हजार कमी पडतात.

पेरणीच्या दिवसांत गावात पैसे मागायला आम्हाला तोंड नाही. बियाणं-खतातच घरं रिकामी झाली आहेत. तेव्हा पैशाची विनंती पगारदारांना आणि बाहेर असलेल्यांना आहे. गावातल्यांनी कामाने मदत करावी. वरून खाली बघणारा कॅमेरा अडकवायला लाकडी घोडी लागते. सुतारकाम येणाऱ्याने अर्धा दिवस दिला तरी ती होईल. खिडक्यांना काळं कापड शिवून हवं आहे. आणि मातीच्या घरांच्या, जात्याच्या, जुन्या पोळ्याच्या आठवणी सांगायला म्हाताऱ्या माणसांनी पोरांसमोर बसावं. ते फुकट आहे आणि ते आम्हाला कुठल्याच दुकानात मिळणार नाही.

मोबाइल देण्याआधी एवढं बघा. काच तडकलेली चालेल. बॅटरी फुगलेली अजिबात चालणार नाही, ती पेट घेऊ शकते. सिम आणि कार्ड काढून घ्या. सेटिंगमधून आधी आपलं गूगल खातं काढा आणि नंतरच मोबाइल रिसेट करा. खातं न काढता रिसेट केला तर चालू करताना तो तुमचाच जुना पासवर्ड मागत बसू शकतो आणि मग आम्हाला निरुपयोगी ठरतो.

पैसे फक्त समितीच्या बँक खात्यात भरा. ते अध्यक्ष आणि मुख्याध्यापक यांच्या संयुक्त सहीने चालतं. खात्याचा तपशील शाळेच्या फलकावर लावला आहे. बाहेरगावच्यांनी तो गावातल्या आपल्या माणसाकडून मागवून घ्यावा. कुणाच्या वैयक्तिक नंबरवर पैसे पाठवू नका, मग तो नंबर आमच्यापैकी कुणाचा का असेना. पावती प्रत्येकाला मिळेल. आयकरातली ८०जी ची सवलत मात्र समितीकडे नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आलेली प्रत्येक वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत चढेल आणि जमाखर्च पालक सभेत वाचून दाखवला जाईल.

पराटीला फुलं लागायच्या आत किमान दोन मोबाइल आणि ट्रायपॉड हाती आले तर यंदाचा हंगाम साधेल. बाकीचं पोळ्यापर्यंत आलं तरी चालेल. राखीला गावाकडे येणार असाल तर येतानाच घेऊन या आणि शाळेच्या वेळात मुख्याध्यापकांकडे द्या. चार्जर असेल तर तोही सोबत पाठवा.

आपले,
अध्यक्ष, सदस्य सचिव आणि सर्व सदस्य
शाळा व्यवस्थापन समिती