सुई तूच ठेव, म्हणालात तुम्ही

प्रिय काका,

शिरसाष्टांग नमस्कार.

नाव कुठे लिहायचं नाही, असं तुम्ही फोनवर बजावलंत, म्हणून नुसतं 'काका'. पण आभार मी चारचौघांतच मानणार. आमच्या धाकट्याला जे बोल ऐकावे लागले, तेही चारचौघांतच ऐकावे लागले होते.

तुम्हाला माहीतच आहे. पंधरा वर्षांचं पोर, गिटार वाजवतं, डोळ्यांखाली चमकी लावतं. शाळेच्या कार्यक्रमाआधी संगीताच्या सरांनी त्याला सगळ्या वर्गासमोर सांगितलं की ही फॅन्सी ड्रेस स्पर्धा नाही, आणि असलं संगीत केव्हाच संपलंय. मग दिवाळीच्या फराळाला आपल्याच माणसांपैकी कुणीतरी विचारलं, "हा मुलगा आहे की मुलगी?" सगळे हसले. त्या रात्री त्यानं गिटार कपाटावर टाकली, ती तिथेच राहिली. घरातलं गुणगुणणंसुद्धा बंद झालं.

मला त्या हसण्याचा राग अजून आहे. 'क्वीन' बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकला, हे इंग्रजांना कौतुकानं सांगणारे हेच लोक. बालगंधर्वांचं नाव निघालं की कानाला हात लावणारेही हेच. त्यांचा शालू, त्यांचा शृंगार बघून घरंदाज बायका तसं नेसायला लागल्या, दागिने घालायला लागल्या, आणि तेव्हा महाराष्ट्राचं काही बिघडलं नाही. इथल्या, लंडनच्या हॅरोतल्या एका पोरानं गालाला चिमूटभर चमकी लावली तर एवढं काय आभाळ कोसळलं?

फराळाला तुम्हीही होतात. तुम्ही हसला नाहीत. निघताना त्याच्याजवळ जाऊन म्हणालात, "रविवारी माझ्याकडे ये. गिटार नको आणूस, नुसते कान आण."

तुमच्या दिवाणखान्यात त्या रविवारी मीही बसले होते, पण तुम्ही माझ्याशी फारसं बोललाच नाहीत, सगळं त्याच्याशी. काचेच्या कपाटातून टी. रेक्स या इंग्लिश बँडची १९७१ सालची 'इलेक्ट्रिक वॉरियर' काढलीत, काळ्या कव्हरवर सोनेरी रेषांतला तो गिटारवाला आणि त्याच्यामागचा भलाथोरला अँप्लिफायर. विद्यार्थी असताना पोटाला चिमटा काढून घेतलेली, पन्नासहून अधिक वर्षं जपलेली रेकॉर्ड. ती तुम्ही सरळ त्याच्या हातात दिलीत. "कडेनं धर, खाचांना बोट लागू देऊ नकोस." आणि मग म्हणालात, "सुई तूच ठेव."

काका, तुमचा हात थरथरत नाही. कपात काठोकाठ चहा ओतताना मी पाहिलाय. तुम्हाला ती सुई सहज ठेवता आली असती. त्याच्या हातून ती जराशी घसरली, स्पीकरमधून खर्रकन आवाज आला, माझ्या काळजाचा ठोका चुकला. तुम्ही "अरे" सुद्धा म्हणाला नाहीत. बाजू संपेपर्यंत गप्प बसलात आणि नंतर त्यालाच विचारलंत, "काय ऐकलंस?" तो थोडा वेळ घुटमळला, मग म्हणाला, "गिटारवाला घाई करत नाहीये." तुम्ही मान डोलावलीत, बरोबरीच्या वादकापुढे डोलवावी तशी. त्या पोराला इतक्या आदरानं कुणी काही विचारलेलं मी तरी त्याआधी पाहिलं नव्हतं.

मग तुम्ही सांगत गेलात. १९७१ च्या मार्चमध्ये घरमालकिणीच्या कृष्णधवल टीव्हीवर बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स' या गाण्यांच्या कार्यक्रमात टी. रेक्सचा गायक-गिटारवाला मार्क बोलन कसा गालांवर चमकी लावून आला होता. पुढच्या वर्षी जुलैत त्याच कार्यक्रमात गायक डेव्हिड बोवीनं गाता गाता आपल्या गिटारवादकाच्या, मिक रॉन्सनच्या खांद्यावर हात टाकला, तर दुसऱ्या दिवशी अख्ख्या देशात तीच चर्चा. बोलन १९७७ मध्ये बार्न्सला मोटार अपघातात गेला, तिशीला दोन आठवडे कमी असताना. हे सांगताना तुमचा आवाज जड झाला होता.

धाकटा म्हणाला, "पण हे सगळे जुने झाले ना, आजोबा? आता असं कोण करतं?"

तेव्हा तुम्ही डेक्लन मॅकेना काढलात. मी थक्क झाले. पंचाहत्तरीच्या माणसाकडे १९९८ साली जन्मलेल्या गायकाची रेकॉर्ड! बीबीसीच्या 'सिक्स म्युझिक' रेडिओवर ऐकलात आणि आवडला म्हणून घेतलीत, एवढंच तुमचं उत्तर. हार्टफर्डशरचा मुलगा, इथून अर्ध्या-पाऊण तासावरचा. सोळाव्या वर्षी, २०१५ मध्ये ग्लॅस्टनबरी संगीत महोत्सवाची नवोदितांची स्पर्धा जिंकला. त्याआधी गाणं लिहिलं होतं ते फुटबॉलच्या विश्वचषकातल्या भ्रष्टाचारावर. तोही डोळ्यांभोवती चमकी लावून स्टेजवर यायचा. त्याच्या २०२० च्या 'झीरोज' अल्बममध्ये बोलन-बोवीच्या काळाचा सगळा थाट आहे, एकावर एक चढवलेले आवाज, अंतराळात हरवलेला पोरगा, पण काळजी मात्र आजच्या मुलांची. तो अल्बम पहिल्या नंबरावर जाता जाता दुसऱ्यावर राहिला, आणि पुढे कोण गेलं तर रोलिंग स्टोन्स या जुन्या बँडच्या १९७३ च्या अल्बमची नवी आवृत्ती! हे सांगताना तुम्ही इतके हळहळलात, जणू घरचाच मुलगा हरला.

जुन्यातलं कुठलं घेतलं आणि आपलं काय घातलं हे तुम्ही त्याला ऐकून ओळखायला लावलंत. व्याख्यान दिलं नाहीत. पोर घरी आलं ते त्या गायकाच्या सगळ्या मुलाखती शोधतच. त्याच आठवड्यात गिटार कपाटावरून खाली आली.

काका, शिकवणारे पुष्कळ भेटतात. समोरच्याच्या आवडीला आपल्या आवडीइतकाच मान देणारं माणूस क्वचित भेटतं. त्यासाठी ना पैसा लागतो ना पदवी, आणि तरी एवढ्या मोठ्या शाळेला ते जमलं नाही, भरल्या घरातल्या पाहुण्यांना जमलं नाही. तुम्ही आमच्या नात्याचे ना गोत्याचे, पण माझं पोर तुम्ही मला परत दिलंत. हे लिहितानाही डोळे भरून येतायत.

त्यानं स्वतःचं एक गाणं रचलंय. कडवी मराठीत आहेत, धृपद इंग्रजीत. मधल्या गिटारच्या तुकड्यात तो अजून घाई करतो, हे त्याचं त्यालाच कळतंय, रोज तेवढाच तुकडा घोटतोय. पुढच्या महिन्यात लायब्ररीच्या हॉलमध्ये मुलांचा छोटासा कार्यक्रम आहे, तिथे तो हे गाणार, चमकी लावूनच गाणार. तुम्ही पहिल्या रांगेत बसायचं. गुडघ्यांची सबब चालणार नाही, गाडी घेऊन मी स्वतः न्यायला येते. येताना साजूक तुपातल्या पुरणपोळ्या आणीन.

तुमची,
धाकट्याची आई